डब्यातला वारा

मुहर्रक बेटावरची हेस्सा रेडिओ केंद्रात पत्रं टाइप करायला लागली आणि कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या सिंथेसायझरच्या नादी लागली. त्या यंत्रात मुळात नुसता खरखराट. पण त्याची बटणं पिळून पिळून तिनं त्यातून लाटा काढल्या, पाऊस काढला, खजुराच्या झावळ्यांची सळसळ काढली. "वारा बाहेर फुकट मिळतो, ही तो वीज जाळून करते," असं शेजारणी म्हणायच्या. हेस्सा हसायची आणि पुढचं बटण पिळायची. वेडच ते, पण काय देखणं वेड!

मोती काढणाऱ्यांवरच्या श्रुतिकेसाठी दिग्दर्शक उस्ताद झकारियांनी तिला एक दुपार दिली. जमलं तर वारापाणी सगळं तिचं. नाही जमलं तर परदेशी तबकड्या वाजणार आणि बाई परत टाइपरायटरवर.

गाण्यासाठी सहा म्हातारे पाणबुडे बोलावले होते. त्यांत तिचे वडील मुबारकही होते. गलबत निघण्याचा प्रसंग. हेस्सानं बटण फिरवलं आणि स्टुडिओत वारा सुटला, ओला, झटक्याझटक्यानं घोंघावणारा. उस्ताद खूश झाले, त्यांनी गाण्यासाठी हात वर केला. पण सहाही म्हातारे तोंडाला कुलूप लावून बसलेले.

"गा की! काय झालं?"

"कौस सुटलाय," मुबारक म्हणाले. "कौसात शीड कोण चढवतं?"

"अहो, हे नाटक आहे."

"असू दे ना. कौस हिवाळ्यातला. आम्ही निघायचो भर उन्हाळ्यात, शमाल वाऱ्यावर. ह्या वाऱ्यावर गायलो तर अख्खं गाव हसेल आम्हाला."

"वारा तो वारा! तबकड्या आणा रे," उस्ताद कावले.

वारा खोटा आहे असं एकही म्हातारा म्हणाला नव्हता. कुठला वारा, यावरून ते भांडत होते! हेस्साला नाचावंसं वाटलं.

"बाबा, शमाल कसा? पटकन सांगा."

"कोरडा. दम न घेता वाहणारा. तुझ्या ह्या वाऱ्याच्या पोटात गुरगुर आहे, ती काढ आधी."

तिनं गुरगुर काढली.

"अजून कोरडा," दुसरा म्हणाला. "हा तर आजारी माणसाचा शमाल झाला."

सगळे खो खो हसले. हेस्सानं ओठ चावून दोन बटणं एकदम फिरवली. आवाज बारीक झाला, ताणला गेला, एकसारखा वाहू लागला. हसणं थांबलं. एका म्हाताऱ्यानं पाय आपटला, दुसऱ्यानं टाळ्यांचा ठेका धरला. उस्तादांनी हात पुन्हा वर केलाही नव्हता. तबकड्या घेऊन आलेला माणूस दारातच थबकला.

शमाल वाळू घेऊन येतो. स्टुडिओला खिडकी नव्हती, दार जाड गादीचं होतं. तरी मुबारकांनी डोळे बारीक केले, डोक्यावरच्या रुमालाचं टोक नाकातोंडावर ओढून घेतलं आणि त्या कापडाआडूनच ते गायला लागले.