विटांवरचा रुमाल

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. बोरगावला एका कारखान्याच्या शेडचं काम माझ्याकडे होतं आणि मुंबईच्या मोठ्या सल्लागार कंपनीचा साहेब महिन्यातून एकदा ते पाहायला यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मनात रागच तेवढा होता.

विटांवर बसण्याआधी तो पांढरा रुमाल काढायचा, झटकायचा, चारही कोपरे ओढून अंथरायचा. तोवर कारखान्याचे मालक उभे राहायचे. माझ्यासाठी ते कधी खुर्चीवरून हललेही नाहीत.

पायव्याच्या वेळी मी मालकांना म्हटलं, "काळी माती हाय जी, पाण्यानं फुगते. मुरूम लागेपर्यंत खोदू द्या."

"साहेबाला येऊ द्या," ते म्हणाले.

साहेब आला. मला बाजूला नेऊन विचारलं, "इथं विहीर खोदताना मुरूम किती फुटांवर लागतो?"

"आठ," मी म्हणालो. पुढच्या महिन्यात माझे आठ फूट टाइप होऊन आले, अन् मालकांनी ते कागद पोथीसारखे दोन्ही हातांनी घेतले.

त्याला पांढुर्णा स्टेशनवर सोडायलाही मीच गेलो. माझं तोंड पाहून तो हळूच म्हणाला, "मी इथं राहायला आलो ना, तर माझंही कोणी ऐकणार नाही."

खरं होतं. तरी जीव जळायचा राहिला नाही. तिगावच्या पुढच्या कामावर मीही विटांवर पांढरा रुमाल अंथरून बसलो. माझ्या म्हाताऱ्या गवंड्यानं थापी खाली ठेवली अन् काळजीनं विचारलं, "मूळव्याध झाली काय जी?"