शेवटच्या पानावरचा नंबर

माझी ताई हॉस्पिटलांच्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका लिहिते. लिहिते म्हणजे, ऑफिसातल्या झाडलोट करणाऱ्या मावशींना शेजारी बसवून एकेक पायरी करायला लावते. मावशी जिथे अडल्या, ते वाक्य बाद. म्हणून तिचं लिखाण कुणालाही कळतं. पण पहिल्याच आवृत्तीत तिने घोडचूक केली. शेवटच्या पानावर लिहिलं, "तरीही अडलात तर मला फोन करा," आणि खाली स्वतःचा नंबर. दोन आठवड्यांपुरता, म्हणे! सात वर्षं झाली. दर आवृत्तीत ती तो खोडते, साहेब पुन्हा घालतात. "लोकांना आवडतं हो." यांच्या बापाचं काय जातंय?

जेवताना फोन, आंघोळीला गेली की फोन. आईच्या ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा ही बया जिन्यात उभी राहून कुणालातरी चुकलेलं बिल रद्द करायला शिकवत होती.

शेवटी आईनेच खडसावलं, "मला घरी न्यायला येशील तेव्हा तो नंबर बंद करून ये." ताईने नवं सिम घातलं. "सुटले गं," म्हणाली. किती दिवसांनी हसताना पाहिलं तिला!

घरी न्यायच्या दिवशी आई चाकाच्या खुर्चीत, मांडीवर कपड्यांची पिशवी. खिडकीतला कारकून मात्र घामाघूम. डिस्चार्जचा कागद निघेना. त्याने ताईचीच पुस्तिका उघडली, शेवटचं पान काढून फोन लावला.

"बंद लागतोय. बाई कधीच बंद ठेवत नाहीत. आता उद्या या."

आईचा चेहरा पडला. मी ताईचा हात दाबला, पण ती पुढे झालीच. "आधी औषधांचं पान बंद करा. आता वरचं हिरवं बटण दाबा."

कागद निघाला. कारकून बघतच राहिला. "हा आवाज... बाई, तुम्हीच ना? अहो, नंबर बदललात का? नवा सांगा, सगळ्या हॉस्पिटलांच्या ग्रुपवर टाकतो."

सांगू नकोस, सांगू नकोस, मी मनात ओरडत होते. ताईने मागे पाहिलं. आणखी तीन खुर्च्या खोळंबल्या होत्या. तिने नंबर सांगितला, दोन-दोन आकडे, सावकाश, समोरच्याची चूक होऊ नये असा. मला रडूच फुटलं.

गाडीत आईला नीट बसवतोय तोच नवा नंबर वाजला. ताईने आईकडे पाहिलं.

"घे," आई म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत बसली.