सगळ्यांत जुना तरुण

माझा काका एकावन्न वर्षांचा तरुण होता. ही थट्टा नाही. आमच्या चर्चच्या तरुण संघाच्या वहीत तशी रीतसर नोंद होती, आणि चिटणीस म्हणून ती वही माझ्याच ताब्यात असायची. घरी मी त्याला काका म्हणायचे आणि शनिवारी संध्याकाळी सभेत दादा, कारण तिथे सगळेच त्याला दादा म्हणतात. माझी आईही लग्नाआधी याच संघात होती आणि दादाच म्हणायची. पुढे तिने त्याच्या भावाशी लग्न केलं, संघातून बाहेर पडली आणि त्याला भावोजी म्हणायला लागली. काका मात्र होता तिथेच.

पोटापाण्यासाठी तो फ्रिज दुरुस्त करतो. त्याच्या एका खोलीच्या दुकानात दार काढलेले, पाठ उघडी पडलेले सात-आठ फ्रिज भिंतीला टेकून उभे असतात. त्यातल्या एका बंद पडलेल्या फ्रिजमध्ये शनिवारचा इस्त्रीचा शर्ट टांगलेला असतो. तिथे धूळ जात नाही म्हणे. सहा वाजता तो कपड्यांच्या साबणाने कोपरापर्यंत हात घासतो, शर्ट घालतो आणि सगळ्यांच्या आधी हॉलवर पोचतो. खुर्च्या मांडतो, माइकची वायर चिकटपट्टीने जमिनीला चिकटवतो, आणि कीबोर्डसमोरचं स्टूल डगमगू नये म्हणून त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवतो.

कीबोर्ड वाजवायच्या औषधताई. औषधांच्या दुकानात काम करतात म्हणून हे नाव. वय सेहेचाळीस, लग्न केलेलं नाही, बोलणं मोजकं. संघात चाळिशीच्या पुढचे हे दोघंच.

मग नवे पाळकसाहेब आले. वयाने काकापेक्षा लहान, उत्साह दांडगा. पहिल्याच महिन्यात त्यांनी जाहीर केलं, की तरुण संघ तरुणांचा असावा आणि पस्तिशीपुढच्यांनी पुरुष मंडळात किंवा महिला मंडळात जावं. काकाची पाचावर धारण बसली. पुरुष मंडळ रविवारी दुपारी भरतं. निम्मे पेंगतात, उरलेले गळक्या छपरावरून भांडतात.

खरं सांगायचं तर मला पाळकसाहेबांचं पटलं होतं. आपला काका आपल्याच मित्रमैत्रिणींच्या सभेत बसलेला असला, की कुणाकडे धड बघताही येत नाही!

पण काका तसा सोडणारा नव्हता. पुढच्या शनिवारी तो संघाची मूळ नियमावली घेऊन आला. कागद पिवळा पडला होता. नियम चौथा: अविवाहित सभासद विवाह होईपर्यंत संघात राहील. वयाचा त्यात शब्दही नव्हता. पाळकसाहेबांनी तो दोनदा वाचला, मागची बाजूही उलटून पाहिली आणि हसत सुटले.

"नियम म्हणजे नियम. लग्न होईपर्यंत तुम्ही तरुण. आणि ताई, तुम्हीसुद्धा."

ताईंनी चष्मा काढून पुसला.

काकाला वाटलं, जिंकलो. पण हे हात दाखवून अवलक्षण होतं. महिला मंडळाने ऐकलं आणि ठरवलं, की लग्न झाल्यावरच हा मोठा होणार असेल तर लावून टाकू. पंधरा दिवसांत चार स्थळं आली. एका बाईंनी तर फ्रिज बिघडला म्हणून त्याला घरी बोलावलं. फ्रिजचा प्लग मुद्दाम काढून ठेवलेला, आणि बाहेरच्या खोलीत त्यांची मावसबहीण चहा घेऊन बसलेली. काकाने प्लग लावला, "झालं" म्हणाला आणि चहा न घेता निघून आला.

मी तावातावाने दुकानात गेले.

"काका, एकीला तरी हो म्हण ना! किती दिवस लोकांचे प्लग लावत फिरणार?"

"लग्न केलं की संघ सुटतो," तो फ्रिजच्या मागून म्हणाला.

"सुटू दे की! खुर्च्या मांडायला आम्ही आहोत."

"खुर्च्यांचं कोण बोलतंय? तिला विचारलं आणि ती हो म्हणाली, तर तीही बाहेर. मग वाजवणार कोण? आणि नाही म्हणाली, तर दर शनिवारी तिला तोंड कसं दाखवू?"

पोटातलं ओठांवर आल्याचं त्याला कळलं, तेव्हा हातातला पाना खाली पडला होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तू दुसरीत होतीस."

मला त्याचा संताप आला, आणि लगेच इतकी माया दाटून आली की मी तो पाना उचलून दिला. मग घरी येऊन एक आगाऊपणा केला. त्या शनिवारी मोठी सभा होती, आजूबाजूच्या चर्चमधली मुलंमुलीही येणार होती. कार्यक्रमपत्रिका मीच लिहिते. "साक्ष", म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणं, या शब्दापुढे मी काकाचं नाव टाकलं आणि त्याला सांगितलं नाही.

सभा रंगली. टाळ्या वाजवत गाणी झाली, तिघा-तिघांनी गोल करून एकमेकांसाठी प्रार्थना केली, पाळकसाहेब "भिऊ नको" या विषयावर चक्क थोडक्यात बोलले. मग मी माइक घेतला.

"आता साक्ष देतील आपले दादा."

काकाने माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर वळवली. तो माइकपाशी उभा राहिला. साठ जण वाट बघत होते, आणि मला पहिल्यांदाच भीती वाटली. ताई नाही म्हणाल्या, तर याचे सगळे शनिवार मीच संपवले असते.

"देवाने मला इथे खूप दिलं," तो म्हणाला. "मी संघाचा राजीनामा देतो."

कुणीतरी सवयीने "आमेन" म्हणालं. पाळकसाहेब गडबडीने उठले. "अहो, तुमच्यावर सक्ती नाही! नियम चौथा..."

"त्याच नियमाने देतोय."

"म्हणजे? लग्न ठरलं तुमचं?"

"अजून विचारलं नाही," काका म्हणाला. त्याने कीबोर्डकडे पाहिलं नाही, पण कान लालबुंद झाले होते.

मागे हशा पिकला आणि विरला. साक्ष चालू असताना ताई हळू आवाजात काहीतरी वाजवत असतात. ते थांबलं होतं. त्यांनी कीबोर्ड बंद केला, त्यावर कापड घातलं, चारही कोपरे नीट ओढले. मग मला हाक मारली.

"चिटणीस, वही आण. माझाही राजीनामा लिहून घे."

हॉल नुसता दणाणला. काका माइक धरून तसाच उभा होता, आणि त्याचा श्वास सगळ्या हॉलला ऐकू येत होता. मी दोन्ही नावं एकाखाली एक लिहिली.

"ताई, कारणाच्या रकान्यात काय लिहू?"

"लिही," त्या म्हणाल्या, "वाट बघून कंटाळले."