माझा विषय ती बोलली

ऐंशीच्या दशकात मी मंडणगड तालुक्यातल्या एका उपकेंद्रात नर्स होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर दर महिन्याला सगळ्या नर्सची मीटिंग घेत, तिथे जाताना माझे विषय डायरीत लिहून न्यायची. वर्षभर पहिला विषय एकच होता, बाळंतपणाचं टेबल. बायका जमिनीवर चटईवर बाळंत होत. मी बसल्या जागी हळूच वाचून दाखवायची, डॉक्टर म्हणायचे, "पुढच्या मीटिंगला बघू," की मी तोच विषय पुढच्या पानावर उतरवायची.

शेजारच्या उपकेंद्रातली नर्स कधी काही लिहीत नसे. हसत हसत बोलायची आणि तिचं काम व्हायचं. तिला स्टोव्ह मिळाला, कपाट मिळालं. मला तिचं हसूसुद्धा बघवत नसे.

एकदा डॉक्टरांनी माझं टेबल पुन्हा पुढे ढकललं, तशी तीच उठली. "साहेब, स्वतःच्या लेकीला असं जमिनीवर बाळंत होऊ द्याल?"

त्याच महिन्यात टेबल आलं. पुढच्या मीटिंगला सगळ्या नर्स तिचं कौतुक करू लागल्या. मीही आभार मानले, पण आतून जळत होते.

"काय गो, अजून काय अडलंय? सांग, मी बोलते," ती म्हणाली.

"काही नाही," मी म्हटलं.

खरं तर माझ्याकडे धड दिवाही नव्हता. त्याच मीटिंगला मी उभी राहून गॅसबत्ती मागितली आणि "पुढच्या मीटिंगला" ऐकूनही खाली बसले नाही. शेवटी डॉक्टर हो म्हणाले.

सगळ्यांत आधी टाळ्या तिने वाजवल्या. इतकं मोकळं मन तिच्याकडे होतं, याचाही मला हेवा वाटला.