माने सिस्टरांचा रकाना

माने सिस्टर गेल्याचं मला शिरवळच्या कारखान्यात फोनवर कळलं. त्यांचा भाचा बोलत होता. "मावशी गेली. तिच्या डायरीत तुमचा नंबर होता, म्हणून कळवलं." मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. साताऱ्याला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. सिस्टरांच्या सेवाभावावर चार ओळी लिहा, असं जुने सहकारी म्हणताहेत... सेवाभाव होताच, त्यात वाद नाही. पण मला वेगळंच सांगायचं आहे, आणि ते सांगायला मी फार उशीर केला आहे.

सात-आठ वर्षांपूर्वी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या काही सरकारी दवाखान्यांचे केसपेपर एका कॉम्प्युटरवर आणायचा प्रयोग सुरू झाला. पेशंट आटपाडीत तपासला काय किंवा खंडाळा तालुक्यात तपासला काय, त्याची सगळी माहिती एका जागी दिसावी, अशी ती कल्पना. प्रोग्राम लिहायचं काम माझ्याकडे होतं. दवाखान्यांतून दर आठवड्याला एस.टी.नं फ्लॉप्या यायच्या, मी त्या एकत्र करायचो आणि जोडलेली यादी परत पाठवायचो. तिशीही उलटली नव्हती, आणि ऑफिसात कॉम्प्युटर कळणारा मी एकटा, त्यामुळे डोक्यात हवा गेली होती. माने सिस्टर महामार्गालगतच्या एका लहानशा सरकारी रुग्णालयात बाळंतिणींचा वॉर्ड सांभाळायच्या. मूळच्या आटपाडीकडच्या. बाकीची मंडळी त्या यंत्राला हात लावायला घाबरायची, तेव्हा ही पन्नाशी उलटलेली बाई ड्यूटी संपल्यावर चष्मा चढवून एका बोटानं नावं भरत बसायची. आयुष्यभर जाडजूड रजिस्टरं चाळून वैतागल्या होत्या. हे काम टिकावं असं आमच्यात सगळ्यात जास्त त्यांनाच वाटत होतं.

पहिल्याच बैठकीत त्या उठून म्हणाल्या, "साहेब, बायकांच्या फॉर्मात माहेरच्या नावाचा रकाना पायजे." पहिलं बाळंतपण माहेरी होतं, लग्नात आडनावच काय, नावसुद्धा बदलतात, आणि माहेरची माणसं केसपेपर काढताना सवयीनं जुनंच नाव सांगतात, हे सगळं त्यांनी नीट समजावून सांगितलं. माझे फॉर्म छापून झाले होते. स्क्रीनवर जागा नव्हती. मी म्हणालो, "सिस्टर, कॉम्प्युटरला सासर-माहेर नसतं." सगळे हसले. हसू ओसरेपर्यंत त्या थांबल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "त्याला नसंल साहेब. पण बायकांना असतंय की." आणि खाली बसल्या.

पाचेक महिन्यांनी त्याच रुग्णालयात एक मुलगी बाळंतपणाला आली. सासर आटपाडीचं. तिथल्या दवाखान्यात तिला पूर्वी पेनिसिलीनचा भयंकर त्रास झाला होता आणि तशी नोंदही होती, पण ती वैशाली या सासरच्या नावावर. इथं आईनं नाव सांगितलं सुरेखा. माझ्या यादीत ती नवीच पेशंट ठरली. त्यात आणखी एक घाण मी करून ठेवली होती... माहिती नसली की 'औषधाचा त्रास' या रकान्यापुढं माझा प्रोग्राम आपोआप 'नो' लिहायचा. नव्या डॉक्टरांनी तो 'नो' वाचला आणि बिनघोर इंजेक्शन सांगितलं. दोन मिनिटांत पोरीचा श्वास अडकला. माने सिस्टर शेजारच्या खोलीतून धावत आल्या, कपाटातून त्यावरचं इंजेक्शन ओढून काढलं, दिलं, आणि तासभर तिच्या उशाशी उभ्या राहिल्या. पोरगी वाचली, बाळही वाचलं. आई भिंतीला टेकून एवढंच म्हणत होती, "तिकडं बी सुई दिल्यावर लय सुजली व्हती वो... कुणी इचारलंच न्हाई."

चौकशी लागली. मी कागद घेऊन तयारीत होतो, खरं सांगायचं तर स्वतःला कसं वाचवायचं याच्याच तयारीत. माझ्यावर वेळच आली नाही. सिस्टरांनी लिहून दिलं, 'वॉर्डप्रमुख म्हणून पेशंटच्या नातेवाइकांकडे विचारपूस करून घेण्यात माझ्याकडून कसूर झाली.' मी टेबलापलीकडं बसलो होतो. आणलेले कागद गुपचूप पिशवीत परत घातले. बाहेर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. "सिस्टर, हे काय केलंत?" त्या पदर सारखा करत म्हणाल्या, "यंत्र चुकलं म्हणून लिवलं असतं तर उद्या ते बंद केलं असतं. मग परत रजिस्टरं. मेमो काय, माझ्या एकटीच्या फायलीत जाईल. तुमी तेवढा रकाना घाला."

घातला. 'नो'सुद्धा काढला, त्या जागी 'विचारा' असं यायला लागलं. वरिष्ठांनी सुधारणेबद्दल माझी पाठ थोपटली, आणि ती मी थोपटून घेतली. त्याच कौतुकाच्या जोरावर पुढं ही कारखान्यातली नोकरी मिळाली. सिस्टर मेमोसकट निवृत्त झाल्या. नंतर एकदा सातारा स्टँडवर भेटल्या, माझ्या मुलीची चौकशी केली, पिशवीतले पेरू दिले. आज बोलावंच असं मनात होतं... तेवढ्यात त्यांची गाडी लागली. खरं तर गाडी सुटायला दहा मिनिटं होती.

गेल्या आठवड्यात मी मुद्दाम त्या रुग्णालयात गेलो. केसपेपरच्या खिडकीत एक नवी सिस्टर मान वर न करता विचारत होती, "सासरचं नाव? माहेरचं?" समोरच्या बाईनं दोन्ही सांगितली. मी खिडकीशी वाकून विचारलं, "हा माहेरचा रकाना कुणी घालायला लावला, माहीत आहे का?" ती म्हणाली, "तो पहिल्यापासूनच हाय की वो." आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

पहिल्यापासून नव्हता. तो मागितला म्हणून एका बाईला भर बैठकीत स्वतःचं हसं करून घ्यावं लागलं, आणि तो मिळावा म्हणून दुसऱ्याचा दोष स्वतःच्या सहीनं घ्यावा लागला. त्या दिवशी कसूर माने सिस्टरांची नव्हती, माझी होती. एवढंच वाक्य होतं. चौकशीच्या दिवशी सिस्टर टेबलापलीकडं बसलेल्या असताना ते बोलायचं होतं.