तिसऱ्या रांगेतली मान

काल बाईंच्या गाण्याला तिसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांनी समेला मान डोलावली, पण एक मात्रा आधीच. बाईंच्या मागे तानपुरा धरून बसलेल्या मला ते दिसलं आणि, खरं सांगते, बरं वाटलं.

ती खुर्ची गणिताच्या सरांची. ते गेले त्याला वर्षही झालं नाही. सरांना साधा सा लावता येत नसे. पण मांडीवरच्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून मात्रा मोजत फिरायचा. बाई कितीही अवघड वाटेने गेल्या, तरी समेवर येताना त्यांची मान सरांकडे वळायची. सर मान डोलवायचे, बाई हसायच्या. वीस वर्षं मी बाईंची पाठच पाहिली. त्यांचं हसू मला सरांच्या चेहऱ्यावर बघावं लागे.

एकदा मी जरा खवचटपणेच विचारलं, "सर, गणितातल्या माणसाला गाण्यात काय एवढं सापडतं?"

"अगं, उत्तर ठाऊकच असतं. बाई तिथवर कशा पोचतात, तेवढंच पाहायचं."

हे मला का सुचू नये, म्हणून मी आठवडाभर जळत होते.

काल पुन्हा सम आली. बाईंची मान त्या खुर्चीकडे वळली आणि तशीच परतली. मी मागून, बरोबर समेवर, "वा!" म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच. बाई वळल्या नाहीत.

पुढच्या समेला त्यांनी स्वतःच मान डोलावली. अगदी सरांसारखी.