दोन नंबरची मालबोट आणि तीन टोले

ये गं, इकडे ये. दारात उभं राहून 'कशी आहेस आजी' असं पाहुणे विचारतात. तू माझ्याजवळ बस. आणि तो मोबाईल जरा पालथा ठेव. रागवायचंय मला तुला. फार नाही, थोडंसंच.

मागच्या खेपेला काय म्हणालीस? "आजी, मध्य प्रदेशात समुद्रच नाही, मग आजोबा जहाजावर कुठून असतील?" आणि खो खो हसलीस. आजोबा समोरच बसले होते. त्यांना ऐकू आलं नाही, पण तुझं हसू दिसलं. दिवसभर विचारत होते, "पोरगी कशावर हसून राहिली होती?" मी सांगितलं, कॉलेजातलं काहीतरी. कॉलेजात जातेस, भूगोल शिकतेस, आणि घरातल्या माणसाने आयुष्य कुठे घालवलं ते ठाऊक नाही? बरं, तुझा तरी काय दोष. कुणी सांगितलंच नाही. तर आता ऐक.

जहाज म्हणजे ते टीव्हीतलं मोठं नव्हे. आम्ही बोटच म्हणायचो, कंपनीची मालबोट. भोपाळात नुसतं 'कंपनी' म्हटलं की समोरच्या माणसाला ती दुसरी, गॅसवाली आठवते. ती नव्हे. आमची बांबूवाली.

तिकडे लांब, जंगलाकडे, धरण बांधलं, पाणी चढलं आणि जुन्या सडका सगळ्या पाण्याखाली गेल्या. पलीकडे बांबूचं जंगल, अलीकडे रेल्वे, आणि मधे इतकं पाणी की सकाळी धुरकट असलं तर पलीकडचा काठ दिसायचा नाही. मग कंपनीने तीन बोटी आणवल्या. तुकड्या तुकड्यांनी ट्रकवर घालून आणल्या म्हणे, आणि काठावरच जोडल्या. त्यांना नावं नव्हती, नंबर होते. आमची दोन नंबरची. तिकडून बांबू यायचा, इकडून मीठ, रॉकेल, सिमेंट, रेशनचा गहू जायचा. एकदा एका नवरीचं लोखंडी कपाट गेलं, आणि त्या कपाटाला टेकून नवरीची आत्या. कपाट पाण्यात पडलं तर मीही पडेन म्हणाली, पण सोडणार नाही.

बोटीवर माणसं पाच. वर चाक धरणारा सारंग, खाली इंजिनाचे ड्रायव्हर तुझे आजोबा, दोन खलाशी आणि एक स्वयंपाकी. सारंग रत्नागिरीकडचे. इथल्या लोकांनी एवढी मोठी बोट कधी चालवली नव्हती, म्हणून कंपनीने त्यांना समुद्रावरून उचलून तलावात आणून टाकलं. मी त्यांना सारंगभाऊ म्हणायची. त्यांना आमचं पाणी अजिबात आवडायचं नाही. म्हणायचे, "वहिनी, ह्या पाण्याला ना चव ना उचल. समुद्र कसा, बोटीला हातावर घेतो. हे नुसतं बघत बसतं." आणि खरंच, गोड्या पाण्यात बोट जास्त खोल बसते. हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

खोल बसली तर काय होतं? धरण भरलं तेव्हा खालची झाडं तोडलीच नव्हती सगळी. ती तशीच पाण्यात उभी. पावसाळ्यात त्यांच्यावर भरपूर पाणी, पण दिवाळीनंतर पाणी उतरायला लागलं की एकेक खुंट वर यायचा. उन्हाळ्यात तर घाटसुद्धा रोज सरकायचा. काल जिथे माल उतरवला तिथे आज चिखल. म्हणून एक खलाशी पुढे उभा राहून रंगवलेला बांबू पाण्यात घालायचा आणि किती खोल ते ओरडून सांगायचा. ते ऐकून सारंगभाऊ घंटेची दोरी ओढायचे. घंटा खाली, इंजिनाजवळ. एक टोला म्हणजे पुढे, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे मागे. इंजिनवाल्याला पाणी दिसत नाही बघ. त्याला फक्त घंटा. घंटेवर सगळी बोट.

आता माझं ऐक. मी तेव्हा इथेच भोपाळात, अशोका गार्डनला, दोन खोल्यांत, तुझी आई लहान. आजोबा पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचे. आले की मी आपली बोलत सुटायची, पंधरा दिवसांचं साठलेलं. आणि हे पेपर धरून "हूं." मी म्हणायची, पोरीचं डोकं तापलंय. "हूं." मी म्हणायची, घरमालक खोली रिकामी करा म्हणतोय. "हूं." एकदा तर चिडून म्हटलं, मी पळून चालले. तरी "हूं"च. मला वाटलं, बोटीवर राहून माणूस माजला. आणि वरून त्यांच्या डाव्या दंडावर, कोपराच्या वर, एक लाल वळ. दोरा बांधल्यासारखा. विचारलं तर तिथेही "हूं." मी मनाशी काय काय रचलं ते तुला सांगत नाही, तू अजून लहान आहेस.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मायलेकी तिकडे राहायला जायचो, कंपनीच्या क्वार्टरात. त्या वर्षी एक दिवस स्वयंपाकी आजारी होता, म्हणून मीच डबा घेऊन बोटीवर चढले. खाली उतरते तर काय! ह्यांच्या दंडाला सुतळी बांधलेली, आणि ती सुतळी शिडीच्या फटीतून थेट वर, चाकापाशी. घंटा मोठ्याने वाजतेय, हे ढिम्म. सुतळीला हिसका बसला की हात लगेच इंजिनाच्या दांड्यावर. एक हिसका पुढे, दोन थांब, तीन मागे.

मी शिडीवर तशीच बसले. डबा मांडीवर. पंधरा दिवसांनी येऊन "हूं" म्हणणारा माणूस मला एकदम समजला, आणि माझी मलाच लाज वाटली.

सारंगभाऊंना विचारलं. ते म्हणाले, "दोन वर्षं झाली, वहिनी. इंजिनाने कान खाल्ले त्याचे. कंपनीला कळलं तर त्याला उतरवतील. आणि हा माणूस इंजिनाशिवाय कसा राहणार, मला सांगा." ते खरंच होतं. इंजिन म्हणजे ह्यांचा जीव. पण मला दुसरंच दिसत होतं. सुतळी तुटली तर? बोटीवर बायाबापड्या बसतात, बाजाराला जातात. हे मी बोलले नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं.

आणि चारच दिवसांनी निरोप आला, मोठे साहेब येताहेत. बोटीने जाऊन पलीकडचा घाट बघणार. झालं. साहेबांसमोर सुतळी कशी बांधायची? सारंगभाऊंनीच तोड काढली. "वहिनी, तुम्ही खाली बसा. ड्रायव्हरची बायको पलीकडे बाजाराला चाललीय, कोण काय म्हणेल? घंटा तुम्ही ऐका आणि ह्याला हाताने दाखवा." हात पुढे केला की पुढे, मूठ धरली की थांब, हात मागे नेला की मागे. आदल्या दिवशी खोलीत तालीम केली आम्ही. सारंगभाऊ थाळी वाजवायचे, मी हात करायची, आजोबा एकटक माझ्या हाताकडे बघायचे. लग्नात नसेल बघितलं इतकं.

त्या दिवशी मी उलट्या खोक्यावर बसले, समोर सुपात तांदूळ, निवडायचं नाटक. साहेब वर खुर्चीवर. घंटा वाजली, मी हात पुढे केला, बोट निघाली. तासभर सगळं छान. उन्हाने पत्रा तापलेला, डिझेलचा वास, पण मला कसलं भान नव्हतं. कान घंटेला आणि डोळे ह्यांच्या डोळ्यांत. मनात म्हटलं, हे तर जमतंय की. रोज येईन मी.

पलीकडचा घाट जवळ आला. दोन टोले पडले. मी मूठ धरली. ह्यांनी इंजिन सुटं केलं, बोट आपल्या आपण हळूहळू काठाकडे सरकत होती. आणि नेमके तेव्हाच साहेब शिडी उतरून खाली आले. "नमस्ते भाभीजी, बैठिए, बैठिए."

आता तूच सांग, मी बसून राहणार होते का? नवऱ्याचे साहेब! मी उठले. डाव्या हातात सूप, म्हणून उजवा हात मागे नेला, पदर धरला आणि डोक्यावरून पुढे ओढला.

हात पुढे.

साहेबांकडे ह्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी फक्त माझा हात पाहिला, आणि दांडा टाकला पुढे. वर सारंगभाऊ तीन टोले देताहेत, परत तीन, परत तीन, पुढचा खलाशी बोंब मारतोय, आणि मी पदर धरून उभी, हलायचंच सुचेना. बोट सरळ चिखलात चढली. खाली कुठेतरी खुंटावर कर्र्र केलं. सूप उडालं, तांदूळ सगळीकडे, आणि साहेब मिठाच्या पोत्यांवर बसले.

कुणाला लागलं नाही. देवाची कृपा, त्या दिवशी वर साहेबांसोबतची दोन माणसं सोडली तर उतारू कुणी नव्हते. पुढचा पत्रा तेवढा चेपला.

मग जो तो पुढे झाला. सारंगभाऊ धावत खाली आले, "साहब, मेरी गलती. घंटी मैंने गलत बजाई." खलाशी वरून ओरडला, "नहीं साहब, पानी मैंने गलत बताया." मी म्हटलं, "मेरे कारण हुआ." आमचं हिंदी तेव्हा असंच. ह्यांना एक शब्द ऐकू येत नव्हता. पण तिघांची तोंडं हलताना बघितली त्यांनी, एकामागून एक, आणि कळलं त्यांना काय चाललंय ते. इंजिन बंद केलं. फडक्याला हात पुसले, सावकाश, एकेक बोट. आणि म्हणाले, "साहब, मुझे घंटी सुनाई नहीं देती. दो साल हो गए. इन लोगों ने मुझे सँभाला. अब मत पूछिए इनसे कुछ." बाही वर करून तो वळही दाखवला.

साहेब पोत्यांवरून उठले. कपड्यांवरचं मीठ झटकत होते. मग त्यांनी इंजिनाकडे हात केला आणि भुवया उडवल्या. म्हणजे, हे कसं समजतं तुला? ह्यांनी इंजिन पुन्हा सुरू केलं, साहेबांचा हात धरला आणि इंजिनाच्या पत्र्यावर ठेवला. "यहाँ से." मग दुसऱ्या जागी ठेवला. "यहाँ थोड़ा बीमार है." नंतर उघडून बघितलं तेव्हा तिथलंच बेअरिंग गेलेलं निघालं.

पण बोटीवरून उतरवलंच त्यांना. त्याच दिवशी. आणि साहेब काही चुकले नाहीत, हे मी तेव्हाही म्हटलं असतं, कुणी विचारलं असतं तर. सारंगभाऊंना कडक पत्र मिळालं, त्यांनी ते घडी घालून खिशात ठेवलं आणि परत चाकाला उभे राहिले.

परतीच्या फेरीत एक नंबरच्या ड्रायव्हरने आमचं इंजिन चालवलं. आम्ही दोघं वर, बांबूच्या भाऱ्यांवर. आजोबा इकडे बघ, तिकडे बघ करत होते. इतकी वर्षं त्या तलावावर काढली, पण ती सगळी खाली. म्हणाले, "एवढं पाणी आहे होय हे!" मी रडत होते. तर माझ्याकडे वळून म्हणतात, "काऊन उभी राहिली तू?"

मी ओठ दिसतील असं त्यांच्या तोंडासमोर जाऊन म्हटलं, "साहेब आले ना!"

"साहेब काय तुला पाहायला आले होते का? पोरगी दाखवायला उभी राहिल्यावानी पदर घेतला!" आणि हसले. खूप दिवसांनी हसले. सारंगभाऊंनी वरून विचारलं, काय झालं, काय झालं, तर ह्यांना तेही ऐकू आलं नाही.

मग त्यांची बदली इथल्या वर्कशॉपमध्ये झाली. बोटींची इंजिनं ट्रकवर घालून भोपाळला यायची, हे हात ठेवून सांगायचे काय बिघडलंय ते. सुरुवातीला नुसते घरी यायचे. जेवायचे, झोपायचे. मला वाटायचं, मी त्यांना पाण्यावरून उतरवलं. एकदा तसं बोलले, समोर बसून, दिव्याखाली. म्हणाले, "त्या दिवशी बोटीवर उतारू असते तर?" बस. एवढंच. पुन्हा हा विषय आमच्यात निघाला नाही.

पुढे तिकडे पूल झाला, सडक झाली, ट्रक पार जंगलापर्यंत जायला लागले. कंपनीने बोटी विकल्या. दोन भंगारात गेल्या, तिसरीचं काय झालं मला माहीत नाही, आजोबांना असेल. सारंगभाऊ गावी परत निघाले तेव्हा इथे येऊन जेवून गेले. सुरमई मिळेल आता रोज, म्हणाले. आणि जेवताना सगळा वेळ ह्यांच्या समोर बसून बोलले, तोंड वर करून, सावकाश. त्यांना ती सवय होती. बाकीच्या कुणाला नाही.

आपल्याकडे सगळे जमले की कसं होतं, बघतेस ना. एकाच वेळी पाच जण बोलतात, निम्मं हिंदी, निम्मं मराठी, तोंड दुसरीकडे. आजोबा थोडा वेळ हसऱ्या चेहऱ्याने बसतात आणि उठून गॅलरीत जातात. कानातलं मशीन आणलंय, पण त्यात सगळं नुसतं खडखडतं म्हणतात. माणसांत असून नसल्यासारखे. मी आहे, पण माझं सगळं ऐकून झालंय त्यांचं.

मी तुला सांगितलं ते आपलं शिडीवरून दिसलं तेवढंच. बोटी कशा जोडल्या, कुठला खुंट कुठे होता, पाणी उतरलं की कुठून वळायचं, हे त्यांच्याकडे आहे. तर असं कर. रविवारी ये, सकाळीच, गॅलरीत ऊन असतं तेव्हा. तुमची अरेरा कॉलनी काही परदेशात नाही. त्यांच्या समोर खुर्ची घे, घाई करू नकोस, आणि एकच विचार, दोन नंबरचं इंजिन कसं होतं. जेवायलाच थांब. ये गं बाई, लवकर ये.